पाण्यावर राहणाऱ्याचा पत्ता काय लिहायचा? फोंड्याच्या एका जोडप्याचं प्रकरण

माझा मावसभाऊ आणि वहिनी पोर्तुगालमध्ये शिडाच्या बोटीवर राहतात हे कळलं की लोक हमखास दोनच प्रश्न विचारतात, वादळ आलं तर काय करतात आणि संडास कुठे असतो. दोन्हीची उत्तरं सोपी आहेत, पुढे येतीलच. पण त्या दोघांना सगळ्यात जास्त पिडलं ते फॉर्मवरच्या एका रकान्याने, राहण्याचा पत्ता. ज्याचं घर आज या खाडीत आणि उद्या त्या नदीत, त्याने तिथे काय लिहायचं? मी फोंड्याला अकाउंट्सची कामं करतो, इकडची बहुतेक कागदपत्रं माझ्याच हातून गेली म्हणून हे प्रकरण मला आतून माहीत आहे. दोघांना विचारून लिहितोय, नावं घालत नाही.

आधी पार्श्वभूमी. दादा मर्चंट नेव्हीत इंजिनियर, आयुष्य बोटीवरच गेलं पण ती बोट म्हणजे लोखंडी, हजारो टनांची, शिडाशी त्याचा संबंध शून्य. त्याचे वडील गोव्यात पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले, म्हणजे 19 डिसेंबर 1961 च्या आधीचे, त्यामुळे त्यांची जन्मनोंद लिस्बनला करून घेऊन मग मुलाची करायची हा जो आपल्याकडे घरोघरी माहीत असलेला मार्ग आहे त्यातून दादाला पोर्तुगीज नागरिकत्व मिळालं, भारतीय पासपोर्ट सोडला, ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते, घेतलं. दोन नागरिकत्वं आपल्याकडे चालत नाहीत हे अजूनही कित्येकांना पटत नाही, 'गपचूप दोन्ही ठेवतात ओ' म्हणतात, ठेवू नका. वहिनी सावंतवाडीची, शाळेत शिक्षिका होती, तिचा पासपोर्ट भारतीयच. पोरंबाळं नाहीत. पर्वरीला फ्लॅट होता. नोकरी सोडल्यावर युरोपात जायचं हे ठरलेलं होतं, पण लिस्बनची घरभाडी बघून दादाच्या डोक्यात बोट शिरली. गोव्यात नेव्हीची म्हादई आणि तारिणी ही शिडाची जहाजं दिवाडी बेटावर तयार झालेली, जगाला वळसा घालून आलेली, ती त्याने मांडवीत कितीदा बघितली होती त्यामुळे हे भूत तसं जुनंच.

मला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. मावशीला तर अजिबात नाही. तिचं म्हणणं एकच, 'पाण्यावर संसार कोण करतं?'

फ्लॅट विकला तेव्हा पहिली गंमत. गोव्यात लग्नानंतर मालमत्ता नवराबायकोची सामाईक धरतात, वेगळा करार केला नसेल तर, त्यामुळे विक्रीला दोघांची सही लागते हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचा इन्कमटॅक्सवर काय परिणाम होतो ते विक्रीच्या दिवसापर्यंत कोणी बघत नाही. गोव्यातल्या अशा जोडप्याचा कॅपिटल गेन अर्धा त्याचा अर्धा तिचा असा वाटला जातो, आणि इथे ती भारतात राहणारी आणि तो एनआरआय, म्हणजे तिच्या वाट्यावर घेणाऱ्याने 1 टक्का टीडीएस कापायचा आणि त्याच्या वाट्यावर एनआरआयचा, जो कितीतरी जास्त. घेणारा माणूस घाबरला आणि पूर्ण रकमेवर जास्तीचा दर कापतो म्हणाला. मग दादाच्या वाट्यापुरतं कमी दराचं सर्टिफिकेट इन्कमटॅक्सकडून काढलं, त्यात बरेच दिवस गेले, पण पैसे अडकून पडले नाहीत. तिकडे पाठवायला एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याच्या इथल्या खात्यातून वर्षाला 10 लाख डॉलरची मर्यादा आहे, आपल्यासारख्यांना ती कधी आडवी येत नाही, फक्त सीएचा दाखला आणि टॅक्स भरल्याचा पुरावा बँकेला द्यावा लागतो. आणि हो, पैसा निम्मा वहिनीचा, म्हणजे त्यातून घेतलेली बोटही निम्मी तिची. हे तिने दादाला पुढे वेळोवेळी ऐकवलंय.

2023 ची चवथ करून दोघं निघाली. बोट अल्गार्व्हमध्ये, म्हणजे पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, लागोस इथे बघून ठेवली होती, फायबरची, जुनी, साधारण 10 मीटर लांब. दादाने एक काम व्यवस्थित केलं, घेण्याआधी बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेयरकडून तपासून घेतली, फायबरमध्ये पाणी मुरलंय का ते मीटर लावून बघतात, डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा किती वर्षांच्या आहेत ते बघतात. तारा जुन्या निघाल्या, इन्शुरन्सवाल्यांनी त्या बदलल्याशिवाय विमा देणार नाही सांगितलं, तो खर्च किमतीतून वजा करून घेतला. बोटवाल्यांमध्ये एक हिशोब चालतो, बोटीच्या किमतीच्या 10 टक्के दरवर्षी दुरुस्तीला धरून चाला. दादाला तो अतिशयोक्ती वाटायचा, आता तोच दुसऱ्यांना सांगतो.

पहिला हिवाळा वाईट गेला. लागोसच्या मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर, लांबीप्रमाणे भाडं, हिवाळ्यात सवलत असली तरी रोज मीटर चालू असल्यासारखं वाटतं म्हणून ही दोघं स्वस्तात राहायच्या नादात फिरत राहिली. आल्व्होरच्या खाडीत नांगर टाकला, मग कुलात्रा बेटाच्या आडोशाला, नांगरावर भाडं नाही, खरं आहे, पण वीजही नाही, पाणी भरायला डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, डबे घेऊन जायचं. आता बाहेर थंडी आणि आतमध्ये दोन माणसांचा श्वास आणि स्वयंपाकाची वाफ, सगळं जाऊन फायबरच्या भिंतीवर पाणी बनतं. गादीच्या खाली बुरशी. कोकणातल्या बाईला बुरशी नवीन नाही पण आपल्याकडे पावसाळ्यात निदान गरम असतं. उपाय शेवटी साधे निघाले, गादीखाली लाकडी पट्ट्या टाकून हवा खेळती केली, भात कुकरमध्येच, झाकणाशिवाय काही उकळायचं नाही, आणि जिथे किनाऱ्याची वीज मिळेल तिथे हवेतला ओलावा शोषणारं मशीन.

कुकरवरून आठवलं, गॅस. बोटीवर छोटे निळे 2.75 किलोचे सिलिंडर वापरतात, म्हणजे आपल्या घरच्या 14.2 किलोच्या एका सिलिंडरात असे पाच बसतील. वहिनीने पहिल्याच महिन्यात हिशोब मांडला आणि डाळ भिजवल्याशिवाय शिजवायची बंद केली. सिलिंडर आत ठेवायचा नाही, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर घरात खिडकीतून जाईल तसा जात नाही, बोटीच्या तळाशी जाऊन साठतो आणि मग एका ठिणगीचं काम. म्हणून त्याची वेगळी पेटी असते आणि तिच्या तळातून भोक थेट बाहेर. संडासाचंही सांगून टाकतो, खाली टाकी असते, ती भरली की मरिनात पंपाने ओढून घेतात, किनाऱ्याजवळ पाण्यात सोडायचं नाही. झालं.

आता कागद. दादा पोर्तुगीज नागरिक असल्यामुळे त्याचं तसं अडत नव्हतं, निदान कोणी हाकलणार नव्हतं. वहिनीचं तसं नाही. भारतीय पासपोर्टवर शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस, आणि पोर्तुगालमधून स्पेनमध्ये जाऊन आलं की दिवस नव्याने मोजतात असा जो समज आहे तो साफ चुकीचा, दोन्ही शेंगेनच. मोरोक्कोला गेलं तर ते दिवस मोजले जात नाहीत, पण नुसतं जाऊन आल्याने मागचे पुसलेही जात नाहीत. तिला तीन महिन्यांपुढे राहायचं तर युरोपीय नागरिकाची बायको म्हणून मिळणाऱ्या कार्डासाठी अर्ज करायला हवा. त्यासाठी गोव्यातलं लग्न आधी पोर्तुगालमध्ये नोंदवलेलं हवं, ते दादाने इथूनच करून ठेवलं होतं, हे फार बरं झालं. आणि दोघं तिकडे कुठे राहतात याचा पुरावा.

इथे गाडी अडली. मरिनाची पावती दाखवली तर ती एका महिन्याची, पुढच्या महिन्यात तुम्ही कुठे? नांगरावर असताना तर तीही नाही. विजेचं बिल नाही, भाडेकरार नाही. एका बँकेने खातं उघडायला नकार दिला, बोट हे वाहन आहे, घर नाही म्हणे. आणि इकडे फोंड्याला त्याच वेळी त्याच्या भारतीय बँकेचं केवायसी निघालं, त्यांना परदेशातल्या पत्त्याचा पुरावा हवा. मी मॅनेजरला समजावून सांगतोय की साहेब तो बोटीवर राहतो, ते म्हणतात हो पण बोट कुठल्या गल्लीत. त्यांची चूक नाही, सिस्टीममध्ये रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

याच सुमाराला टीव्हीवर ऑर्कांच्या बातम्या, ऑर्का म्हणजे डॉल्फिनच्याच कुळातला मोठा सस्तन प्राणी, जिब्राल्टरच्या आसपास 2020 पासून ते शिडाच्या बोटींची सुकाणू तोडतात आणि काही बोटी बुडाल्याही. मावशीचा फोन मला, 'तुझ्या दादाला मासा खाणार.' मी दादाला विचारलं तर तो म्हणाला मासा परवडला, मला नोटरी खातोय.

वळण आलं ते वहिनीमुळे. तिने सरळ सांगितलं, मी आता फिरणार नाही, एक गाव धर आणि तिथे वर्षभर राहा, नाहीतर मी सावंतवाडीला जाते. दादाला हे हरल्यासारखं वाटलं, बोट घेतली ती फिरायला. पण माझ्या मते या पूर्ण प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच.

गाव धरलं ते आल्कोतिं. ग्वादियाना नदीवर, समुद्रापासून साधारण 20 सागरी मैल आत. तेरेखोल नदीच्या एका काठाला गोवा आणि दुसऱ्या काठाला महाराष्ट्र, तसंच तिथे, या काठाला पोर्तुगाल आणि समोर स्पेनचं सानलुकार, मध्ये छोटी फेरीबोट. फरक इतकाच की समोरच्या काठाला घड्याळ एक तास पुढे. स्पेनच्या टेकडीवरून पोर्तुगालमध्ये तारेवरून घसरत येण्याची झिपलाइनही आहे, म्हणजे निघण्याच्या वेळेआधी पोचता. नदीत वर्षानुवर्षं बोटीवर राहणारी मंडळी आहेत, बहुतेक निवृत्त. तिथे जायला नदीच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे, भरती बघूनच आत शिरायचं. भरती-ओहोटीतला फरक तिकडे 3 मीटरपर्यंत जातो, आपल्या मांडवीपेक्षा जास्त, त्यामुळे नदीचा ओढही दर सहा तासांनी उलटा आणि जोराचा.

त्या ओढाची चव त्यांना लवकरच मिळाली. वरच्या भागात पाऊस होऊन नदी तांबडी झाली होती, वेताचे गठ्ठे आणि ओंडके वाहून येत होते. रात्री ओहोटी लागली आणि त्यात पुराचं पाणी मिसळलं, बोटीच्या नाकाला नांगराच्या साखळीवर वेताचा एक आख्खा तराफा येऊन अडकला, खोलीएवढा. त्याच्या ओझ्याने नांगर सुटला, बोट मागे सरकायला लागली. दादा खाली इंजिनवर, वहिनी पुढे पोटावर झोपून आकडीच्या काठीने वेत एकेक जुडी ढकलतेय, हात रक्ताळलेले कारण त्या वेताच्या पात्याला धार असते. मागे दुसऱ्यांच्या बोटी. शेजारचा एक म्हातारा इंग्रज आणि फेरीबोटीवर काम करून निवृत्त झालेला एक गाववाला आपापल्या डिंग्या घेऊन आले, दोघांनी बाजूने ओढून तराफा फिरवला आणि तो सुटून गेला. मग बोट पोंटूनला, म्हणजे तरंगत्या धक्क्याला, बांधली. वादळ आलं तर काय करतात, याचं उत्तर हे असं, शेजारी येतात. दुसऱ्या दिवशी वहिनीने सगळ्यांना सोलकढी पाजली, आमसुलं इथून नेलेली आणि नारळाचं दूध डब्यातलं. इंग्रजाने ती औषध म्हणून घेतली.

पुढे पत्त्याचा प्रश्न सुटला तो कसा ते नीट सांगतो कारण हाच भाग लोकांना उपयोगी पडेल. पोर्तुगालमध्ये सगळ्यात खालची पायरी म्हणजे जुंता द फ्रेगेझिया, आपल्या पंचायतीसारखं, आणि रहिवासाचा दाखला तेच देतात. कागद नसतील तरी त्या हद्दीतल्या मतदारयादीत नाव असलेल्या दोन माणसांनी 'हो, हे इथेच राहतात' असं सांगितलं तर त्या साक्षीवर दाखला मिळू शकतो. दादाला हा नियम लागोसमध्येही माहीत होता. पण तिथे त्यांना ओळखणारे मतदार दोन सोडा, एकही नव्हता, ओळखीचे सगळे त्यांच्यासारखेच बोटवाले आणि ते पुढच्या वाऱ्याला निघून जाणारे. मी फोनवर म्हटलं होतं कोणालातरी पैसे देऊन उभं कर, इथे जमतं तसं. वहिनी म्हणाली, भावजी, ते इथे करायचं नाही.

आल्कोतिंला मागायचीही वेळ आली नाही. वहिनी रोज सकाळी कॅफेत बसून मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये मालकिणीच्या नातीला गणित शिकवायची, पैसे न घेता, बदल्यात भाषा. दादाने फेरीबोटवाल्याचं जुनं डिझेल इंजिन उघडून चालू करून दिलं होतं. ती मालकीण आणि तो फेरीबोटवाला, हीच दोघं साक्षीला गेली. दाखल्यावर बोटीचं नाव आणि नदीकाठ, आणि पत्रव्यवहारासाठी कॅफेचा पत्ता. त्या एका कागदावर मग बाकीचं भराभर लागलं, आरोग्य केंद्रातला नंबर मिळाला, दादाच्या बीपीच्या गोळ्या तिथून सुरू झाल्या, दुसऱ्या बँकेत खातं, वहिनीच्या कार्डाचा अर्ज. परदेशी लोकांच्या कागदपत्रांचं काम तिथे 29 ऑक्टोबर 2023 पासून नव्या संस्थेकडे गेलंय, आधीची एसईएफ बंद होऊन आयमा आली, आणि ही दोघं नेमकी त्याच सुमाराला पोचलेली, त्यामुळे जुने लोक जे सल्ले द्यायचे ते निम्मे शिळे. दाखल्याचं भाषांतर करून मी फोंड्याच्या बँकेतही दिलं. रकाना भरला. मॅनेजरने विचारलं, हे नदीकाठ म्हणजे घर नंबर का? मी हो म्हटलं.

इकडच्या बाजूचं एक बारीकसं पण महत्त्वाचं, भारतातला मोबाइल नंबर बंद पडू द्यायचा नाही. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, त्यामुळे सिम सोबत नेऊन रोमिंगवर चालू ठेवायचं आणि रिचार्जची तारीख मी इथे कॅलेंडरवर लिहून ठेवतो. ते एकदा बंद झालं की पुढे नंबर दुसऱ्याला जाऊ शकतो.

राहणीबद्दल थोडं. मासळीची चंगळ आहे, तारले म्हणजे तिकडचा जीव की प्राण, ओल्यांवच्या बाजारात जाणं झालं की वहिनी बांगड्याच्या जातीचे मासे पिशव्या भरून आणते, तिरफळं घालून करते. उन्हाळा मात्र नदीत भयंकर, 40 च्या वर जातं, तेव्हा दोघं खाली समुद्रावर येतात, कुलात्राला, आता परत जायला जागा आहे म्हणून फिरण्यातही मजा येते असं दादा स्वतः म्हणाला. चवथीला सुपारीचा गणपती, आणि माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची सजावट, बूमला बांधली, म्हणजे शिडाच्या आडव्या दांड्याला. त्या दिवसांत अल्गार्व्हमध्ये अंजिरं, बदाम आणि करोबाच्या काळ्या शेंगा उतरवतात, त्याच बांधल्या, शिवाय डाळिंबं आणि कॅफेवालीने दिलेला भोपळा. भोपळा जड, फेरीबोटीच्या लाटेने बूम हलला की तो दादाच्या डोक्यावर. मावशीने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि पहिल्यांदा काही टोमणा मारला नाही, फक्त भोपळा नीट बांध म्हणाली.

सगळं सुरळीत आहे असं मात्र नाही. वहिनीला पगाराची नोकरी नाही आणि ते तिला खुपतं, ऑनलाइन शिकवण्या घेते पण भारतातल्या मुलांची संध्याकाळ म्हणजे तिची दुपार, आणि ढगाळ दिवसांत सोलरवर लॅपटॉप आणि फ्रिज दोन्ही चालत नाहीत, एक निवडावं लागतं. दादाचं वय वाढतंय, डोलकाठीवर चढणं आता तो दुसऱ्याकडून करून घेतो. मावशी एकटी आहे, तिला काही झालं तर आल्कोतिंहून फारोचा विमानतळ, तिथून लिस्बन, मग पुढे, दीड दिवस धराच. त्याला उपाय सध्या मी आहे.

वहिनीचं कार्ड आलं, पाच वर्षांचं. आता दादाला अझोर्स बेटांपर्यंत जायचंय, साधारण 900 सागरी मैल, मध्ये काही नाही. वहिनी म्हणते तू जा, मी कॅफेच्या वरची खोली भाड्याने घेते आणि तू येईपर्यंत नातीची परीक्षा उरकते. तो म्हणतो बोट दोघांची आहे. ती म्हणते म्हणूनच माझी अर्धी इथेच राहील. सध्या बोट पाण्याबाहेर काढली आहे, तळाचा रंग आणि झिंकचे तुकडे बदलायचं काम चालू आहे, आणि तोपर्यंत हा वाद शिडीवर चढून-उतरून चालू आहे.